सगळा माल आतच आहे

आमच्या घरात एक डबा होता आणि त्या डब्याजवळ सतत कुणीतरी माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे मी.

डबा म्हणजे कॉम्प्युटरच, पण त्यावर बसून कुणी काम करायचं नाही. त्याचं काम फक्त साठवून ठेवायचं. ह्यांचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. शूटिंग छोट्या कॅसेटवर व्हायचं, घरी आल्यावर ते डब्यात उतरवून घ्यायचं आणि तीच कॅसेट पुढच्या लग्नाला न्यायची. म्हणजे एकदा कॅसेट परत वापरली की त्या लग्नाचं जे काही होतं ते डब्यात. दुसरीकडे कुठंच नाही.

डब्यात चार हार्डडिस्का होत्या आणि चारही एका कार्डाला जोडलेल्या. एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी तिचं काम भरून काढतात, असं तो डबा बांधून देणाऱ्या औरंगाबादच्या सरांनी सांगितलं होतं. या जोडणीला ते रेड म्हणायचे, म्हणून आम्हीही रेड म्हणायचो. कार्डच मेलं तर काय होतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

जालन्यात तेव्हा लोडशेडिंग इतकं की लाइट असली तर लोक एकमेकांना सांगत. लाइट जायच्या आधी डबा रीतसर बंद करायचा, आल्यावर जरा थांबून चालू करायचा. तसाच धाडकन बंद पडला तर आतलं बिघडतं. यूपीएस जेमतेम पाच मिनिटं धीर धरायचा. हे लग्नांवर, मी डब्यावर. माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, एक रात्र आणि वर जवळजवळ एक दिवस एवढ्या अंतरावर. आठवीनंतर शाळा सोडून मामाची मुलं सांभाळायला जालन्यात आले, मामा एसटीच्या डेपोत होता. मग इथंच लग्न झालं. गणपतीला जायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी डब्याजवळ कोण बसणार इथं येऊन थांबायचं. रागानं नाही सांगत. मला कॉम्प्युटर शिकवणारेही हेच. आठवी झालेल्या बाईच्या हातात एवढं यंत्र कोण देतं? पण जेवण झालं की मी त्याचा पंखा फिरतोय का ते ऐकायची, आणि मगच ताट उचलायची.

आम्ही राहायचो वरच्या मजल्यावर, भाड्यानं. खाली घरमालक, धान्याचे व्यापारी. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले आणि आता आमच्यापेक्षा जास्त जालन्याचे. सेठजी कमी बोलत. भाभी सगळ्यांच्या वाटचं बोलायची. शूटिंगवाला भाडेकरू म्हणजे वेळी-अवेळी येणार, म्हणून आम्हाला कुणी जागा देत नव्हतं, तेव्हा भाभीनं सेठजींना न विचारता किल्ली काढून दिली होती. माझं पहिलं गरोदरपण अर्ध्यातच मोडलं. आई कोकणातून निघून पोचेपर्यंत भाभीनं मला खाली स्वतःच्या खोलीत ठेवलं, स्वतः जमिनीवर झोपली, आणि नंतर त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. ती मला समुद्रवाली म्हणायची. "ए समुद्रवाली, टँकर आलाय, बादली सोड," असं खालून ओरडायची. मग मी गॅलरीतून दोरानं बादली सोडायची आणि पाणी वर ओढायची.

पण उपकाराच्या घरात पाय मोकळा पडत नाही. दुपारी जिना उतरताना मी चपला हातात घ्यायची.

त्या वर्षी भाभीच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं, हैदराबादला दिली तिला. शूटिंग अर्थातच ह्यांनी केलं. फोटोंचा अल्बम देऊन झाला होता. फिल्म राहिली होती, कारण कोणत्या विधीला कोणतं गाणं टाकायचं यावर मायलेकींचं फोनवर जमत नव्हतं. म्हणून ते सगळं लग्न, कच्चंच, न कापलेलं, डब्यात पडून होतं.

एका सकाळी लाइट आली ती झटका देऊनच. ट्यूब भगभगली, आणि मी नेहमीसारखं थांबून डबा चालू केला तर आतून शिट्टी वाजायला लागली. बारीक, न थांबणारी. पडद्यावर चारांपैकी एकही डिस्क दिसेना. बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

हे त्या दिवशी घनसावंगीला लग्नावर होते. आमच्या खोलीत मोबाइलला रेंज नसायची, गॅलरीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच मिळायची, आणि तो कोपरा बरोबर सेठजींच्या अंगणावर. पलीकडून बँडचा आवाज, म्हणून मी ओरडूनच बोलले.

"रेड पडली. ऐकू येतंय का? रेड पडली."

"काय पडली?"

"रेड. आपल्या घरी रेड पडली."

तिकडे हे बँडपासून लांब गेले असावेत. आवाज जरा स्वच्छ आला. "माल? माल आतच हाय ना सगळा?" शूटिंग केलेल्याला हे माल म्हणायचे.

"सगळा माल आतच आहे. बाहेर काहीच काढलेलं नाही."

"कोणाला हात लावू देऊ नको. कार्डच गेलं असंल. मी सरांना फोन करतो, ते कार्ड देऊन माणूस पाठवतील."

"कार्डवाला माणूस येणार? बरं. तोवर मी काहीच उघडत नाही."

फोन ठेवून मी आत आले आणि शिट्टी बंद करायला टेबलाखाली शिरले. जरा वेळानं खालून कपाटाचं दार, भांडी, कुणाची तरी घाईची कुजबुज ऐकू आली. मग जीप सुरू झाली. मग जिन्याखालचं लोखंडी चॅनल गेट सरकलं आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. मी गॅलरीत पळाले तोवर जीप कोपऱ्यावर वळत होती. भाभीच्या मांडीवर उशीच्या अभ्र्यात बांधलेलं काहीतरी होतं.

मला वाटलं कुणीतरी वारलं. एवढ्या घाईनं माणसं दुसऱ्या कशाला निघतात? मला कोंडलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नसणार, आणि मयताला गेलेल्या माणसांना फोन करून कुलूप उघडायला या असं कोण सांगणार? मी पायरीवर बसून गेटच्या फटीतून रस्ता बघत राहिले. मग उठून परत डब्याजवळ गेले. बघायला दुसरं काही नव्हतंच.

डोक्यात एकच होतं. त्या चार डिस्कांवर भाभीच्या मुलीचं लग्न आहे, आणि ज्या कॅसेटी होत्या त्यांच्यावर या घटकेला घनसावंगीचं लग्न चढत होतं.

कार्ड दुपारी आलं. सरांनी ते औरंगाबादहून काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरकडे दिलं होतं. त्यानं खाली उभं राहून हॉर्न वाजवला.

"ताई, पार्सल हाय. खाली या."

"येता येत नाही. गेटला बाहेरून कुलूप आहे."

त्यानं कुलूप हलवून बघितलं. मग वर बघितलं. "कोण कोंडून गेलं? सासू का?"

"घरमालक."

"मंग सासू बरी म्हणायची," तो म्हणाला. मी बादली सोडली. त्यानं आपला रुमाल तळाशी अंथरला, वर ते खोकं ठेवलं आणि म्हणाला, "रुमाल राहू द्या ताई, हळू ओढा. उद्या याच टायमाला इथूनच जातो. तोवर तुम्ही इथंच असाल असं दिसून राह्यलंय."

मी हसले. दिवसभरात तेवढंच.

सरांनी खोक्यात चिठ्ठी घातली होती: जुनं काढा, नवं तिथंच बसवा, वायरींचा क्रम बदलू नका. मी त्यांना फोन लावला तर बंद. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, एका बँकेत कामाला गेलेत, तिथं फोन आत नेऊ देत नाहीत, संध्याकाळी भेटतील.

संध्याकाळपर्यंत मी थांबू शकले असते. पण हात रिकामे ठेवून बसवेना. डब्याचं झाकण काढलं. वायरींवर खूण करायला काही नव्हतं म्हणून टिकल्यांचं पाकीट घेतलं: पहिल्या वायरीला एक टिकली, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. कार्डाचा स्क्रू गंजलेला होता. तो निघाला, पण कार्ड खाचेतून हलेना. दोन्ही टोकांना धरून, एकदा इकडून, एकदा तिकडून, दात काढावा तसं ते काढलं. नवं त्याच जागी दाबलं. टक असा आवाज झाला. टिकल्या बघून वायरी लावल्या.

चालू केलं. शिट्टी नाही. पडद्यावर अक्षरं पळाली आणि एका ओळीवर येऊन थांबली. त्यात एक शब्द मला कळला: फॉरेन. पुढं काहीतरी, मग म्हणे सी दाबा नाहीतर एफ दाबा, आणि नाहीतर कोणतंही बटण दाबा. बाकीचं इंग्रजी मला लागलं नाही. फॉरेन म्हणजे परदेश एवढं ठाऊक होतं. या डब्यात परदेशातलं काय आलं? नवं कार्ड परदेशातलं म्हणून काढून टाकायचं का? का डिस्काच काढून टाकायला सांगतोय? चुकीचं बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर? मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. चुकून कोपरही लागू नये म्हणून कीबोर्ड लांब सरकवला.

तेवढ्यात रेंजच्या कोपऱ्यात ठेवलेला फोन वाजला. गॅलरीत गेले. भाभी होती, आणि इतकी हळू बोलत होती की मला आधी ओळखू येईना.

"गेले का गं ते?"

"कोण, भाभी?"

"अगं हळू बोल. ते लोक. आल्ते ना?"

मला तो जीपवालाच आठवला. "हो, एक जण आला होता."

"एकच? मंग? काय काय नेलं त्यानं?"

"नेलं काही नाही. उलट देऊन गेला."

भाभीनं विचारलं, "नोटीस?"

"नोटीस कसली?"

"अगं, रेडवाल्यानं. तूच तर सकाळी ओरडून राह्यल्ती ना, घरी रेड पडली, सगळा माल आत हाय, कार्डवाला माणूस येऊन राह्यला. ह्यांनी ऐकलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. जल्दी जल्दी निघालो आम्ही. जाफराबादला बहिणीकडं जायचं होतं, पण केदारखेड्यापर्यंत आलो आणि ह्यांना घाम फुटला. इथं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी बसलोय. बीपीची गोळी घरीच राह्यली."

मी गॅलरीचा कठडा धरला. हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाजारात त्या आठवड्यात सगळीकडे इन्कमटॅक्सच्या धाडीची चर्चा होती हे मला ठाऊक होतं. भाजीवालाही तेच बोलत होता. पण आमच्या तोंडात तो शब्द इतका घरचा झाला होता की त्याला दुसरा अर्थ आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भाभी, मी जरा वेळानं फोन करते," एवढंच बोलले.

ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून हे आधी खो खो हसले.

"सांगू नको," हे म्हणाले.

"का?"

"कसली रेड ते सांगितलं, की डबा बंद पडला ते सांगावं लागंल. डबा बंद पडला म्हणलं, की पोरीच्या लग्नाचं विचारतीन. काय सांगणार? आधी चालू होऊ दे. मंग सांगू."

"तोवर ते तिथंच बसणार?"

"बसतीन. केदारखेडा काय लांब हाय का? आपल्याला त्याच घरात राहायचंय, ध्यानात ठेव."

ते चूक बोलत नव्हते. मी पुन्हा डब्यासमोर येऊन बसले. खाली कुलूप, समोर ती ओळ, आणि केदारखेड्याला घाम फुटलेला माणूस, गोळीवाचून. मी गप्प राहिले तर त्यांची भीती तशीच राहणार. बोलले तर माझी भीती त्यांच्या घरात जाणार. भाभीनं मला स्वतःच्या पलंगावर निजवलं होतं ते काही विचारून-ठरवून नव्हतं, हे मला त्या वेळी आठवलं असं मी म्हणणार नाही. मला आठवली ती गोळी. ती कुठं असते तेही मला माहीत होतं. त्यांच्या देवघराच्या फळीवर, गंधाच्या डबीमागं.

मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

"भाभी, रेड सरकारची नाही. आमच्या डब्याची आहे. डिस्कांच्या जोडणीला रेड म्हणतात. ती बंद पडली. तो माणूस कार्ड द्यायला आला होता, म्हणजे यंत्राचा भाग."

"सरकारी न्हाई?"

"बिलकुल नाही. सेठजींना सांगा. घरी या, गोळी घेऊ दे त्यांना."

तिनं तिकडं काहीतरी मारवाडीत सांगितलं. सेठजींचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग ती परत फोनवर आली.

"मंग पोरीचं लग्न? ते कुठं हाय?"

"त्याच डब्यात."

"निघतं का?"

"माहीत नाही. मी कार्ड बदललंय. पुढचं बटण दाबायची हिंमत होत नाही."

"कॅसेट?"

"त्याच कॅसेटवर आज दुसरं लग्न आहे."

मागं कुणाची तरी म्हैस ओरडत होती. मग भाभी म्हणाली, "दाबू नको. मी येते," आणि फोन बंद झाला.

ऊन उतरताना जीप आली. कुलूप उघडलं. सेठजी माझ्याकडे न बघता सरळ आत गेले. भाभी तशीच वर आली, पायांवर धूळ, अभ्र्यातलं गाठोडं काखेत. पाणीसुद्धा न घेता ती पलंगावर बसली.

"तुला कोंडून गेलो," ती म्हणाली. "ते रस्त्यात ध्यानात आलं. मी ह्यांना म्हणलं, वर समुद्रवाली हाय. तर हे म्हणाले, बरंच झालं, कुलूप बघून रेडवाले परत जातीन."

"गेले असते," मी म्हणाले.

ती हसली नाही. "कर आता, माझ्यासमोर."

सरांचा फोन तेव्हाच लागला. पडद्यावरची ओळ कागदावर उतरवून मी गॅलरीच्या कोपऱ्यातून एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"फॉरेन ना? बराबर आहे, वहिनी. घाबरू नका. डिस्का जुन्या कार्डाच्या आहेत, नवं कार्ड त्यांना ओळखत नाही, म्हणून परकं म्हणतंय. त्यांना आत घ्यायचं. एफ दाबा. सी दाबून आत गेलात तर तिथं क्लिअर असं लिहिलेलं दिसेल, त्याला शिवू नका. वायरी त्याच क्रमानं लावल्यात?"

"टिकल्या लावल्यात."

"काय लावल्यात?"

"त्याच क्रमानं लावल्यात, सर."

फोन चालूच ठेवून मी आत आले तर रेंज गेली. आता विचारायला कुणी नव्हतं. भाभी पडद्याकडं बघत होती. खालून सेठजींनी हाक मारली, "झालं का?"

"दाब," भाभी म्हणाली.

मी एफ दाबलं. पडदा काळा झाला. तो इतका वेळ काळा राहिला की मला भाभीच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. मग ओळी सुरू झाल्या. एक डिस्क, दुसरी, तिसरी, चौथी. मग नेहमीचा निळा पडदा आला, आणि त्यात आमची तारीखवार नावं दिलेली लग्नं, एकाखाली एक. आदल्या दिवशी उतरवून घेतलेलं एक साखरपुड्याचं काम अर्धवट तुटलं होतं. बाकी सगळं होतं.

भाभीच्या मुलीचं नाव शोधून मी शेवटची फाइल उघडली, निदान शेवटपर्यंत आलंय का ते बघावं म्हणून. बिदाई झाल्यानंतरचं होतं. कार्यालय रिकामं. हे जेवायला गेले असावेत आणि स्टँडवरचा कॅमेरा बंद करायचा राहिला असावा. स्टेजवर नुसत्या दोन खुर्च्या, खाली चुरगळलेली फुलं. कुणीच नाही. मी पुढं ढकलणार तेवढ्यात पडद्यात भाभी आली. एकटीच. मुलीच्या खुर्चीत बसली, चपला काढल्या, आणि बसूनच राहिली. रडत नव्हती. नुसती समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत होती.

पलंगावरची भाभी पुढं सरकली. "हे कुणी काढलं?"

"कुणी नाही. कॅमेरा राहून गेला असेल. हे फिल्ममध्ये ठेवत नाही. कापून टाकायचं असतं."

"कापू नको."

"बरं."

खालून सेठजींनी पुन्हा विचारलं, लग्न मिळालं का म्हणून. भाभीनं मान वळवली नाही.

"किती वेळ बसलेय मी तिथं?" तिनं विचारलं.

मी खालची पट्टी बघितली. "कॅसेट संपेपर्यंत."

"मंग चालू दे," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट बसली.